पूजेला आलेला शिंजीर

ठाण्यात मला पहिली हक्काची जागा मिळाली ती पांगाऱ्याच्या झाडाखाली. जागा म्हणजे रिक्षा उभी करायची. नौपाड्यातल्या आमच्या स्टँडवर गाड्यांची लाईन लागते. नवा माणूस लाईनीत नसतो. त्यानं मागं झाडाखाली थांबायचं आणि लाईन रिकामी झाली की उरलंसुरलं भाडं उचलायचं, असा तिथला कायदा. मी आठवीत शाळा सोडलेली, त्यामुळं कायद्यातलं फार कळत नाही, पण मागच्या बाकाची सवय होती.

त्या झाडाखाली दुसरं कोणी का थांबत नाही, हे थंडी सरताना कळलं. पांगाऱ्याची पानं झडली, काटेरी फांद्यांना लालभडक फुलं आली आणि वर पाखरांची पंगत बसली. साळुंक्या, पोपट, गुलाबी अंगाच्या भोरड्यांची टोळी, मधेच एखादा पिवळाधमक हळद्या. फुलात चोच घालायची, मध ओढायचा, शेजाऱ्याशी भांडायचं आणि माझ्या टपावर शिटायचं. पोपट तर फूल अर्धं चावून खाली फेकायचे, श्रीमंताघरच्या पोरांसारखे. त्यांच्यात एक अंगठ्याएवढा शिंजीर होता. सावलीत काळा कुळकुळीत आणि उन्हात आला की निळा-जांभळा, बाईच्या भारीतल्या साडीसारखा. त्याचं नाव मी मोबाइलवर शोधून काढलं. परभणीपासून इतक्या लांब येऊन रोज तेच तोंड बघायचं, तर नाव तरी माहीत पाहिजे.

मला मात्र माझ्या नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे 'मराठवाडा' म्हणायचे. मी त्यावरही खूश होतो. आधीच्या दोन स्टँडवर तर नुसतं 'ए, पुढं घे' एवढंच ऐकलेलं.

आमच्या स्टँडवर दरवर्षी सत्यनारायण असतो. स्टँडचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे आगरी काका, आवाज असा की हॉर्न लागत नाही. पूजेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, की उद्या पाखरांचा बंदोबस्त तुझ्याकडं. प्रसादात घाण पडली नाही तर सोमवारपासून लाईनीत, पडली तर दुसरं स्टँड बघ. रात्रभर मला झोप नाही. तिसऱ्या स्टँडवरूनही हाकलला, हे बायकोला फोनवर कसं सांगायचं?

त्यात मांडव झाडाखालीच घातलेला. सावली आहे, वर कापड कशाला, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. वर्षानुवर्षं त्या झाडाला शिव्या घालणाऱ्या माणसांनी मान वर करून एकदाही बघितलं नव्हतं, की फुलं येतात तेव्हा पांगाऱ्याला एक पान नसतं. मला दिसत होतं. पण लाईनीबाहेरच्या माणसानं कमिटीला काय शिकवायचं?

सकाळी गुरुजी उन्हात बसले. मी मागं उभा, हातात बांबू, बांबूला प्लॅस्टिकची पिशवी. भोरड्या आल्या की पिशवी फडफडवायची. काम बरं चाललं होतं. प्रसादाच्या शिऱ्यावर तर मी स्वतः दोन ताटं उपडी घातली होती.

पण चौरंगाच्या केळी कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. एरवी लोक केळीची कोवळी रोपं बांधतात. अध्यक्ष काकांनी शोभा दिसावी म्हणून खडवलीच्या सासुरवाडीहून मोठ्या केळी आणलेल्या, जांभळ्या केळफुलांसकट. कथा ऐन रंगात आली आणि माझा शिंजीर सरळ खाली उतरला. गुरुजींच्या कानाशेजारच्या केळफुलाला उलटा लटकला आणि निवांत मध प्यायला लागला. बांबू फिरवला असता तर आधी गुरुजी पडले असते, मग देव. मी बांबू छातीशी धरून उभा राहिलो, दोन्ही हात घट्ट.

पिऊन झाल्यावर त्यानं आपला रोजचा कार्यक्रम केला. गुरुजींच्या खांद्यावर.

गुरुजी थांबले. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. लाईनीतला एकजण म्हणाला, "मराठवाडा, तुझा पाहुणा दिसतो." मला तर घरी जायची एसटी दिसायला लागली.

तेवढ्यात अध्यक्ष काका बसल्या जागेवरूनच बोलले, "बसू दे रं त्याला. तो काय वर्गणी बुडवून आलाय? गुरुजी, चालू द्या."

गुरुजींनी उपरण्यानं खांदा पुसला आणि पुढची कथा जरा जास्तच वेगानं संपवली. आरतीला मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हातातून बांबू सुटतच नव्हता.

प्रसाद घेताना काका जवळ आले. मी ताटं उचलून शिरा दाखवायला लागलो, बघा, एक पाकळी नाही. ते म्हणाले, "ठेव ते ताट. पाखरं हाकल म्हटलं तर तू हात जोडून उभा." मी खरं सांगितलं, की भीतीनं हलता आलं नाही.

"भिऊन का होईना, देवासमोर काठी उगारली नाय," ते म्हणाले. "सोमवारी लाईनीत लाग. आणि टप धुवून ये, लोकांना बसायला लाज वाटते."

मी त्यांच्या पाया पडलो. मग देवाच्या पडलो, गुरुजींच्याही पडलो, तर त्यांनी खांदा आधी मागं घेतला.

सगळे पांगल्यावर एक द्रोण शिरा पांगाऱ्याच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. ज्याच्यामुळं काम झालं त्यालाही काही द्यावं, एवढंच मनात. कावळ्यांनी तो द्रोणासकट उचलला. शिंजीर वर फुलात तोंड खुपसून बसलेला. त्यानं खाली बघितलंसुद्धा नाही.