नजमाताईंचं तिसरं उत्तर

नजमाताई कुठलंही मशीन सुरू करण्याआधी त्याच्या पत्र्यावर तळहात टेकवायच्या आणि समोर माणूस असल्यासारखं म्हणायच्या, "नाव सांग, पोटात काय काय हाय ते सांग, मग कामाला लाग." नवीन आलेले हसायचे. मी हसत नसे. मला त्यांचा राग यायचा, आणि त्या रागाचं खरं नाव हेवा होतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

ही दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. शिवऱ्याला हायवेलगत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. आम्ही दहा-बाराजण. ठिकठिकाणच्या कारखान्यांमधले सर्व्हर दुरून तपासत राहायचं, हे आमचं काम. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरमध्ये आमचा एक छोटा प्रोग्राम बसवायचा. त्याला आम्ही एजंट म्हणायचो. सुरू झाल्या झाल्या एजंटनं स्वतःची ओळख सांगायची: मशीन कुठलं, मेमरी किती, डिस्क किती. नंतर दर काही मिनिटांनी तब्येत कळवत राहायचं. हे निरोप कोणत्या शब्दांत यावेत, कुठल्या रकान्यात काय भरावं, याचा आराखडा लिहायचं काम ऑफिस चालवणाऱ्या सरांनी मला दिलं होतं. एजंट लिहायचा होता नजमाताईंनी.

आम्ही दोघी भोरच्या. एकाच एसटीनं यायचो. मी पुण्यात इंजिनिअरिंग केलेली, पहिल्या वर्गात पास झालेली. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, डिप्लोमावाल्या. त्यांच्या वडिलांचं भोरच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि लहानपणापासून त्यांच्या हाताला सोल्डरिंगचे चटके होते. इंग्रजी त्यांना अडखळत वाचावं लागे. पण पंख्याच्या नुसत्या आवाजावरून तो किती दिवस टिकेल हे त्या सांगायच्या, आणि ते खरं ठरायचं.

दोन आठवडे खपून मी आराखड्याची चाळीस पानं लिहिली. नजमाताईंनी ती घरी नेली. चार दिवसांनी बैठकीत सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "वैशाली, पंखा बंद हाय आन् पंखा दिसतच न्हाई, ह्या दोन्हीला तू शून्यच दिलंय व्हय?"

"दिसत नसेल तर शून्यच ना," मी म्हणाले.

"न्हाई गं. मी तुला इचारलं, घरात किती माणसं हायेत, आन् तू दारच उघडलं न्हाईस, तर मी शून्य लिहू का? 'म्हाईत न्हाई' असं तिसरं उत्तर पायजे. हरेक रकान्याला."

सर म्हणाले, "इतकी साधी गोष्ट आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही." आणि ते नजमाताईंकडे ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेनं माझ्या चाळीस पानांकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. मी मान खाली घालून वहीत रेघा ओढत बसले.

पुढचं मी केलं ते चुकून केलं नाही. पंखे, मेमरी, तापमान या रकान्यांमध्ये मी तिसरं उत्तर घातलं. डिस्कच्या रकान्यात घातलं नाही. तिथं खराब डिस्क किती, हा आकडाच मागितला. सरांना मात्र कळवलं की सगळं घेतलंय. नजमाताईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "पुढच्या वेळी घेऊ. तोवर वाचता आलं नाही तर शून्य पाठवा."

"बरं," त्या म्हणाल्या. आराखडा माझा होता, म्हणून त्यांनी ऐकलं.

दोन महिन्यांनी एका कारखान्यातला सर्व्हर बंद पडला. त्यात दोन डिस्क होत्या, एकीवर दुसरीची नक्कल. पहिली कधीच मेली होती. एजंटला ती वाचता येत नव्हती, म्हणून तो इमानानं 'खराब डिस्क शून्य' असं कळवत राहिला आणि आमच्या पडद्यावर हिरवा दिवा दिसत राहिला. मग दुसरीही गेली. कारखान्याकडे त्यातल्या माहितीची पंधरा दिवसांपूर्वीची प्रत होती. मधल्या दिवसांत काढलेली यंत्रांच्या भागांची सगळी ड्रॉइंग गेली. तिथले एक म्हातारे ड्राफ्ट्समन ती पुन्हा काढायला बसले.

बैठकीत सरांनी विचारलं, "नजमाताई, शून्य का पाठवलंत?"

"तसं सांगितलं होतं मला."

"कोणी?"

नजमाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून त्या थांबल्या. मी बोलले नाही.

"ज्यानं सांगितलं त्याला म्हाईत हाय," एवढंच म्हणून त्या बसल्या.

सरांना ती टाळाटाळ वाटली. एजंटचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. त्या रोज त्या कारखान्यात जाऊन म्हाताऱ्यांना जुन्या छापील कागदांवरून मापं वाचून दाखवू लागल्या. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आठवडाभरानं एका संध्याकाळी शिवऱ्याच्या थांब्यावर आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "ताई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"मी घ्यायचं? तुला तोंड हाय की." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "का केलंस ते तरी सांग."

"सर तुमच्याकडे बघतात तसं माझ्याकडे बघत नाहीत."

त्या म्हणाल्या, "ते म्हातारं सात दिवस मान मोडून बसलंय वैशाली. त्यास्नी तुझं-माझं काय म्हाईत." एसटी आली. त्या पुढे जाऊन बसल्या. मी मागे बसले.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नजमाताईंना बोलावलं आणि म्हणाले, "आराखडा आता तुम्ही लिहा."

"वैशालीच लिहील," त्या म्हणाल्या. "तिची भाषा साफ हाय. मी शेजारी बसते."

मला माफ केलंय असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. पण तीन आठवडे शेजारी बसल्या. एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारायच्या, "हितं मशीनला खरं बोलायला जागा हाय का?" तशी जागा नसेल तर पान पुन्हा. त्या तीन आठवड्यांत मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता, कारण आता त्या कुठे बरोबर आहेत ते मला ओळ न् ओळ कळत होतं.

तीन वर्षांनी त्यांना बंगळूरला नोकरी लागली. भोरच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. पिशवी वर चढवून दिली. खिडकीतून त्या म्हणाल्या, "आता शेजारी कुणी न्हाई. बरं वाटंल ना तुला?"

"हो, वाटेल," मी म्हणाले.

त्या हसल्या. "बघ, आलं का न्हाई सरळ उत्तर." गाडी हलली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सरांनी सगळ्यांसमोर माझ्या कामाचं कौतुक केलं. हे ऐकण्यासाठी मी किती वर्षं थांबले होते. आणि ते बोलत असताना मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, नजमाताईंच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते पाहायला.