रत्नाकाकूंच्या कॅम्पातली ‘चेष्टा’

भिलाईत मे महिन्यात सकाळी सातलाच ऊन डोक्यावर बसतं. त्या उन्हात, सेक्टरमधल्या मराठी मंडळाच्या सभागृहापुढे, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, निळ्या सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि गळ्यात शिट्टी अशी एक पासष्ट वर्षांची बाई उभी असते. शिट्टी शोभेची. ‘ए पोट्टेहो!’ अशी हाक तिने मारली, की गुलमोहराखालची साठ पोरं रांगेत येतात आणि रस्त्यावरून जाणारा भाजीवालाही क्षणभर सायकल थांबवून ताठ होतो.

या रत्नमालाबाई. कॅम्पातल्या पोरांच्या रत्नाकाकू. विदर्भातल्या काटोलहून लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा, ओमप्रकाश, स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकून होता. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे अंगण, अंगणात आंबा. एका सुट्टीत त्यांचा धाकटा घरात येऊन म्हणाला, ‘आई, मुझे पोळी दे ना, भूक लागून रही है.’ काकूंनी पोळी दिली आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली दोन आणि शेजारची नऊ पोरं आंब्याखाली बसवली, गोष्टी सांगितल्या, फुगड्या घातल्या, पिट्टुल, म्हणजे आपली लगोरी, खेळवला, मुरमुऱ्याचा चिवडा वाटला. अट एकच, बोलायचं मराठीत. त्या अकरा पोरांचा पुढे कॅम्प झाला. यंदाचं अठ्ठाविसावं वर्ष. ओमप्रकाश निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, कॅम्प मात्र राहिला.

लोकांना दिसतो तो पंधरा दिवसांचा कॅम्प. काकूंच्या लेखी खरा खेळ त्याआधीच्या पाच दिवसांचा, ताई-दादांच्या तालमीचा. सतरा ते वीस वर्षांची बारा मुलं-मुली निवडायची आणि त्यांना पोरं सांभाळायला शिकवायचं. तालमीची सुरुवात काकू स्वतः करत. सभागृहाच्या मधोमध बसकण मारत, पाय पसरत आणि गळा काढत, “मले घरी जाच आहे! मायी आई पाहिजे मले!”

आता हिला गप्प करा, हा पहिला धडा.

यंदा अभिनव पुढे झाला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, तोंडाने तिखट. त्याने खिशातून टॉफी काढली. काकूंनी ती अशी भिरकावली, की पंख्याच्या पात्याला लागून खिडकीबाहेर गेली. कुणी गाणं म्हटलं, कुणी माकड झालं. काकूंचा सूर चढतच होता. तेव्हा सोनल नावाची एक हडकुळी मुलगी उठली, काकूंच्या शेजारी पाय पसरून बसली आणि काही न बोलता तिनेही रडायला सुरुवात केली.

काकू थांबल्या. “तू कावून रडून राहिली वं?”

“तुम्हाला एकटं वाटत होतं ना, काकू. सोबत दिली.”

सभागृह हसलं. काकूंनी डोळे पुसले (खरंच पाणी आलं होतं, काकू खोटं रडत नसत) आणि सर्वांत लहान मुलांचा मैना गट तिथल्या तिथे सोनलला देऊन टाकला. सोनलचे वडील दुर्गला रेल्वेत. घर वैशाली नगरात, शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, मराठी आईपुरती. बोलताना अर्ध्यात गाडी रूळ बदलायची.

तिथेच काकूंचं आणि तिचं थोडं वाजलं. काकूंचा नियम होता, की रोज पोरं गेल्यावर प्रत्येक ताई-दादाने वहीत गटातल्या मुलांविषयी चार ओळी लिहायच्या. मराठीत. काकू लाल पेनने तपासत. सोनलच्या पहिल्याच पानावर ‘कोशिश’ तीनदा आला होता, तर तीन लाल गोल झाले, आणि समासात लिहून आलं, ‘शुद्ध लिही.’

“काकू,” अभिनव म्हणाला, “तुम्ही दिवसातून पन्नासदा ‘कावून’ म्हणता. ते शुद्ध आहे का?”

“ते माहेरचं आहे लेका. माहेरच्याले गोल नसतो.”

भाषेपेक्षाही काकू एका गोष्टीला जास्त जपत. दुसऱ्याच वर्षी कॅम्पात नत्थू नावाचा मुलगा आला होता. तो ‘र’ ला ‘ल’ म्हणायचा. पोरं त्याची नक्कल करायची आणि त्यांचा दादाही एकदा त्यांच्यात हसला. नत्थू दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या आईने कॅम्पाची टोपी धुऊन, घडी घालून परत पाठवली. त्या घडीने काकूंना जे सांगितलं ते त्या विसरल्या नाहीत. तेव्हापासून तालमीत त्या एक वाक्य आवाज खाली आणून सांगत, “माया कॅम्पात सगळं माफ आहे. टिंगल माफ नाही. ताईनं केली, तर ताई त्याच दिवशी घरी.”

मैना गटात गीतांजली होती. नऊ वर्षांची, दोन वेण्या, टपोरे डोळे. तिचे शब्द अडकत. हजेरीला प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने सांगायचं. तिचा ‘गी’ ओठांवर येऊन थरथरायचा आणि तिथेच बसायचा. पहिल्या दिवशी तिने बोलण्याऐवजी फ्रॉकवरची नावाची चिठ्ठी वर करून दाखवली. काकूंनी सोनलला बजावलं, “जबरदस्ती नाही करायची. बोलली तर बोलली.”

चौथ्या दिवशी पोरं घरी गेली. ताई-दादा पोहे खात होते आणि काकू खुर्चीवर बसून वह्या तपासत होत्या. सोनलची वही उघडली आणि त्यांचा लाल पेन हवेतच थांबला. ओळी अशा होत्या:

‘आज गीतांजलीच्या बोलण्याची सगळ्यांनी मिळून चेष्टा केली. सुरुवात मी केली. खूप मजा आली. उद्या परत करू.’

काकूंनी दोनदा वाचलं. मग उठल्या.

“सोनल. उभी राय.”

सोनल प्लेट घेऊनच उभी राहिली.

“हे तू लिहिलं?”

“हो काकू.”

“केलं बी?”

सोनलचा चेहरा उतरला. तिला काकूंचं ‘जबरदस्ती नाही’ आठवलं. “केलं काकू. तुम्ही नाही म्हटलं होतं, माहीत आहे. पण मला वाटलं, तिला चांगलं वाटेल.”

“चांगलं?”

“सगळे हसत होते. ती पण हसली, काकू. सच्ची.”

काकूंच्या डोळ्यांपुढे घडी घातलेली टोपी आली. लेकरू हसलं म्हणजे काय झालं? नत्थूही हसला होता, सगळ्यांबरोबर, त्या शेवटच्या दिवशी.

“बॅज काढ,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून येऊ नको.”

पोह्यांचे चमचे थांबले. सोनल छातीवरचा पिवळा बॅज काढू लागली. त्याची पिन निघता निघेना, अभिनव मदतीला उठला तर काकूंनी नुसतं बघून त्याला बसवलं. बॅज टेबलावर ठेवून सोनल म्हणाली, “गलती हो गई, काकू,” आणि स्कार्फ बांधून निघून गेली. काकूंना वाटलं, आपण न्याय केला. घरी जाऊन मात्र त्यांनी भाताचं ताट तसंच सरकवलं.

पाचव्या दिवशी मैना गट काकूंनी स्वतः घेतला. पोरं गोल बसली. हजेरी फिरत फिरत गीतांजलीपाशी आली. काकू तिला सोडून पुढच्याकडे बघणार, तोच गटातल्या बाकी नऊही पोरांनी मांड्यांवर थाप दिली आणि तालात, सावकाश, झोक्यासारखं ओढून म्हटलं,

“गीऽऽ तांऽऽ ज लीऽऽ!”

त्या नऊ आवाजांत दहावा आवाज होता. बारीक, पण कुठेही न अडकलेला. पोरं पुन्हा म्हणाली, आणखी हळू आवाजात. तिसऱ्यांदा नुसत्या थापा दिल्या, तोंडं मिटून. आणि गीतांजली एकटी म्हणाली, “गीतांजली.” म्हणून झाल्यावर आधी तीच हसली आणि मग सगळे हसले. टाळ्या वाजल्या.

काकूंच्या हातातली हजेरीची यादी खाली गेली. “हे तुमाले कोणं शिकवलं?”

“सोनलताईने!” बबलू म्हणाला. हा गटाचा स्वयंघोषित पुढारी, वय आठ. “हम लोग कल से कोशिश कर रहे थे.” मग त्याने जीभ चावली. “नहीं नहीं. सोनलताई बोली, कोशिश मत बोलो, काकू लाल गोल मारेंगी. शुद्ध बोलो. चेष्टा.”

“काय?”

“चेष्टा, काकू! हम सब ने चेष्टा की!” बबलूने छाती पुढे काढून सांगितलं.

काकू मटकन खाली बसल्या. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हे त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत होतं. पण वही मराठीची होती आणि वही त्यांनी काटोलच्या डोळ्यांनी वाचली होती. पोरीने कोशिश खोडली, तिला आठवेल तो सर्वांत भारदस्त, सर्वांत शुद्ध शब्द शोधला आणि बाईंच्या मर्जीसाठी तो वळणदार अक्षरात लिहिला. त्याच शब्दाने बाईंनी तिला हाकललं.

दुपारी दोन वाजता, कुत्रंही सावली सोडत नाही अशा वेळी, काकू ओमप्रकाशांना म्हणाल्या, “अवो, स्कूटर काढा. वैशाली नगरले जाच आहे.”

“या उन्हात? शामले जाऊ.”

“शामपर्यंत माया जीव राहाच्चा नाही.”

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. ओमप्रकाश हसता हसता स्पीडब्रेकर विसरले. “रत्ना, जिंदगी गेली हिंदी मुलखात. तुले एकदा पोरीले विचारता नाही आलं?”

“तेच तर. विचारलं नाही.”

दार सोनलच्या आईने, वंदनाने उघडलं. पाणी दिलं, पण तोंडावर गोडवा नव्हता. “काल आल्यापासून जेवली नाही ती. काय केलं हो तिनं असं?”

“तिनं नाही, मी केलं,” काकू म्हणाल्या.

सोनल आतून आली. डोळे सुजलेले. काकूंनी वही उघडून मराठीतल्या चेष्टेचा अर्थ सांगितला. सोनल आधी ओळीकडे बघत राहिली, मग तिने दोन्ही हात तोंडावर नेले. “हे राम! काकू, म्हणजे मी असं लिहिलं की... आणि वर ‘खूप मजा आली’?”

“अन् ‘उद्या परत करू’.”

वंदनाला आधी हसू फुटलं. मग ओमप्रकाशांना. काकूही हसल्या आणि पदरातून बॅज काढून पुढे केला. “घे बाप्पा. उद्या ये.”

सोनलने हात पुढे केला नाही. हसू तिच्या चेहऱ्यावरून सरकलं.

“काकू, तुम्ही इथं आलात, मला खूप बरं वाटलं. पण बॅज तुम्ही सगळ्यांसमोर काढायला लावला. अभिनव, बाकीचे ताई-दादा, सगळे बघत होते. आता सगळ्यांना वाटतं, मी त्या लेकराला हसले.” ती थांबली. “मैं ऐसे नहीं आऊँगी.”

वंदना म्हणाली, “अगं, मोठ्यांशी असं बोलतात?”

“बोलू दे तिले,” काकू म्हणाल्या. आणि बॅज पुन्हा पदरात बांधून त्या जिना उतरल्या. अठ्ठावीस वर्षांत त्या ताई-दादांपुढे कधी चुकल्या नव्हत्या. म्हणजे चुकल्या असतील, पण कबूल केलं नव्हतं. पोरांपुढे चुकलेला माणूस पोरांना काय सांभाळणार, हे त्यांचं तत्त्वज्ञान. स्कूटरवर बसताना त्यांनी वर पाहून हाक दिली, “सकाळी सातला ये. नुसती ये. बॅज नको घालू.”

सोनल आली. आईबरोबर, मागे, दाराजवळ उभी राहिली.

काकू मंचावर चढल्या. पुढे साठ पोरं, कडेला अकरा ताई-दादा. आणि मग त्यांनी ती गोष्ट जी रंगवली! लाल पेन झाल्या, भाजलेल्या पोह्यांसारख्या तडतडल्या, वही वाचताना स्वतःचे वटारलेले डोळे करून दाखवले, बबलूसारखी छाती काढली, स्पीडब्रेकरवर स्वतः कशा उडाल्या ते उडून दाखवलं. पोरं लोळली. अभिनव म्हणाला, “काकू, पण तुम्ही तालमीत नेहमी ‘टिंगल’ म्हणता. चेष्टा आम्हाला हिंदीच माहीत.” त्यावर काकूंनी दोन्ही कान पकडले. टाळ्यांचा पाऊस. काकू मंचावरून उतरायला लागल्या.

तेव्हा मैना गटात एक हात वर झाला. गीतांजलीचा.

ती उभी राहिली. पहिलं अक्षर अडकलं. बबलूचा हात मांडीवर थाप द्यायला उठला, पण दारातून सोनलने मान हलवली, थांब. साठ पोरं थांबली. पंखे फिरत राहिले. वेळ लागला, बराच लागला.

“का... काकू,” गीतांजली म्हणाली. “तुम्ही सॉ... सॉरी म्हटलंच नाही.”

खरंच होतं. इतकी छान गोष्ट झाली, कान पकडले, टाळ्या मिळाल्या, आणि जो एक शब्द म्हणायला त्या उभ्या राहिल्या होत्या तो राहूनच गेला होता.

काकू मंचाच्या पायरीवर उभ्या होत्या. तिथून त्या सरळ चालत दाराशी गेल्या. नाटक नाही, हातवारे नाहीत. आवाजही नेहमीचा नव्हता. मागच्या पोरांना ऐकू यावं म्हणून शेवटी त्यांनी तो थोडा उचलला, इतकंच.

“चुकलं माझं, सोनल. मी तुले विचारलं नाही. सगळ्यांसमोर तुया अपमान केला. मले माफ कर.”

सोनलने बॅज घेतला. पिन याही वेळी लागेना, तर काकूंनीच लावून दिली, थोडी तिरकी. सोनलचे डोळे भरले होते, पण तिने नाक ओढून घड्याळाकडे पाहिलं.

“बसा आता, काकू,” ती म्हणाली. “साडेसात झाले. माझ्या गटाची हजेरी बाकी आहे.”