फळ्याचा डावा कोपरा

शाळेत माझ्या वर्गात असलेल्या गणूचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या छापखान्यात होते आणि हातात ओल्या शाईची पत्रकं होती. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येईना. मी दुसऱ्या कानावर हात दाबून ओरडले, "काय म्हणतो? जोरात बोल ना!" आणि गणू जोरात बोलला. "विमलबाई गेल्या वं... सकाळी." एवढी मोठ्यानं ओरडून सांगायची ही बातमी नव्हती. त्या दुपारी मी सेवाग्रामच्या दवाखान्यात त्यांच्याकडे जाणारच होते. आदल्या दिवशी मी त्यांना एक प्रश्न विचारला होता आणि उत्तर उद्या देईन, असं त्यांनी कबूल केलं होतं. तो उद्या यंत्राच्या धडधडीत उगवला आणि तिथंच संपला.

विमलबाई आमच्या प्राथमिक शाळेच्या बाई. सेलूजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे बाबा सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल आणि हमालांचे पुढारी. आमच्या घरी देवांच्या फोटोंऐवजी पत्रकांचे गठ्ठे होते. मी मुळाक्षरं पत्रकांवर गिरवली, पुस्तकांना पत्रकांचीच कव्हरं घातली. बाबांचा एकच दंडक होता : कागदाची बोटभर जागाही कोरी सोडायची नाही, तिथं एक घोषणा बसते. मी चौथीत गेले तोवर मला ढीगभर घोषणा पाठ होत्या आणि त्यालाच कविता म्हणतात, अशी माझी खात्री होती.

बाईंची रीत वेगळी होती. प्रार्थना झाली की त्या वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या पोराला विचारायच्या, "आज कायले हात लावला?" कुणी म्हणे चुलीले, कुणी म्हणे बापाच्या चपलीले. "कसं लागलं?" हा दुसरा प्रश्न. तिथं पोरं अडकायची, डोकं खाजवायची आणि त्यातूनच ओळी निघायच्या. रोज एकाची पाळी. त्याच्या ओळी बाई फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहायच्या, तो बोलला तशाच. त्या कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी घंटा झाली की ज्याचं त्यानं पुसायचं. गणूचं मला अजून आठवतं :

म्हशीच्या कानाले हात लावला
आतून गरम, वरून थंड
तिनं कान झटकला
मी काही बोललोच नवतो

माझी पाळी आली तेव्हा मी छाती काढून म्हटलं, "उठा कष्टकऱ्यांनो, पेटवा सारे रान!" बाईंनी खडू खाली घेतला.

"तू पेटवलं का रान?"

"नाई."

"मंग पाहिलं का कोणी पेटवताना?"

"नाई. पण बाबा म्हणते."

"मंग बाबाचं आहे ते. त्याइले सांगजो, चांगलं आहे म्हना. कोपऱ्यात मात्र तुह्यं पायजे."

मी रागानं रडत घरी गेले. बाबा म्हणाले, "बाई प्रतिगामी दिसते." या शब्दाचा अर्थ मला कळला नाही, पण बरं वाटलं. मग जेवायला बसलो. बाबा छापखान्यातून आलेले, भाकरी मोडत होते, आणि मी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी दारात बाईंना सांगितलं आणि त्यांनी एका शब्दानंही न थांबवता ते कोपऱ्यात लिहिलं :

बाबाच्या बोटाले शाई
शाईचं बोट भाकरीले
भाकरीवर अर्धं अक्षर उठलं
मी ते खाल्लं

"हे तुह्यं," बाई म्हणाल्या. एवढंच. आजवर माझ्या लिहिण्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ म्हटलं आहे, पण त्या दोन शब्दांची सर कशालाच येत नाही.

त्याच वर्षी तपासणीला एक साहेब आले. त्या दिवशी कोपऱ्यात शेवंताच्या ओळी होत्या. तिची आई कापूस वेचायला जायची. "मायच्या बोटाइले हात लावला, सारे ओरबाडलेले. माय म्हणे, मांजरीनं केलं. पांढरी मांजर आहे, बोंडात बसते." साहेबांनी वाचलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही काय भाषा झाली? पुसा हे." बाईंचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "ज्याचं आहे तेच पुसते साहेब. संध्याकाळी." साहेबांनी स्वतः डस्टर उचललं. शेवंता बाकाखाली पाहत राहिली.

मी घरी जाऊन सांगितल्यावर बाबा पेटून उठले. आठवडी बाजाराला पत्रक तयार होतं : "बालकवितेचा गळा घोटणाऱ्यांनो, खबरदार!" खाली चौकटीत शेवंताची कविता. पण ती अशी : "माझ्या मातेचे रक्ताने माखले हे कर, शोषकांनो, आता घेऊ हिशेब सत्वर!" पत्रक हातोहात गेलं. बाबांना वाटलं, बाई खूश होतील.

बाई आल्या त्या संध्याकाळी. अंगणातल्या खाटेवर बसल्या, पत्रक मांडीवर ठेवलं.

"भाऊ, मांजर कुठं गेली?"

बाबा गोंधळले. "कोणती मांजर?"

"शेवंताची."

"हां, ते होय! अवं बाई, जनतेले मांजर समजत नाई. तिले संघर्ष पायजे."

"जनतेनंच लिहिली होती ना भाऊ मांजर," बाई म्हणाल्या. मग उठता उठता त्या म्हणाल्या, "साहेबानं पुसलं तं मले राग आला. तुम्ही बदलवलं... आता कोणावर रागावू?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, आर्वीच्याही पलीकडे. पत्रकामुळे झाली की व्हायचीच होती, ते कुणी सांगितलं नाही. बाबा आजही सांगतात की आपण बाईंसाठी लढलो. मी बाबांची मुलगी आहे, अन्यायापुढे गप्प बसणं मला आजही पाप वाटतं. पण हे लिहिलंच पाहिजे : एका पोरीच्या ओळी होत्या तशा साहेबालाही नको होत्या आणि आम्हालाही नको होत्या. साहेबाच्या हातात डस्टर होतं, आमच्या हातात छापखाना. ज्यांच्या नावानं आपण बोलतो, त्यांचं बोलणं सहन करता येत नसेल तर आपली घोषणा कितीही लाल असो, ती हुकूमच असते.

बाईंचं लग्न फार लवकर मोडलं होतं. त्याबद्दल त्या बोलत नसत, गाव बोलायचं. त्या बदलीनंतरच्या गावी एकट्या, तिथून पुढच्या गावी एकट्या. मी वर्ध्याला कॉलेजात असताना एसटीनं त्यांच्याकडे जायचे. दाराला जाड लोखंडी कडी असायची. ती वाजवली की आतून आधी प्रश्न यायचा, "कायले हात लावला आज?" आणि मग दार उघडायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी सेलूत एक खोली घेतली. दाराच्या डाव्या हाताला भिंतीचा एक तुकडा काळा रंगवून घेतला. "कायले बाई?" मी विचारलं. "सवय आहे," त्या म्हणाल्या. "कोणाचं पोरगं आलं तं?" पण पोरं येत नव्हती, त्यांना शिकवण्या होत्या. एकदा हसत म्हणाल्या, "दूधवाल्याले इचारलं मी. तो म्हणे, बाई, कॅनले लावला, अजून कायले लावन? अन् गेला सायकलवर." मीही हसले. हसणं थांबल्यावर ती खोली किती लहान आणि किती शांत आहे, हे मला ऐकू आलं. "दिवसभर बोलली नाई," त्या म्हणाल्या, "तं संध्याकाळी आवाज दुसऱ्याचाच वाटते."

दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी त्यांनी मला सवयीनं विचारलं. मी म्हटलं, एसटीच्या दांडीले, गरम होती. मग माझ्या तोंडून सहज गेलं, "अन् तुम्ही बाई? तुम्ही कायले हात लावला आज?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, जे आमच्या चेहऱ्यांवर यायचं... पाळी आली आणि काहीच सुचत नाही, असं. "अवं," त्या म्हणाल्या, "हे मले कोणी इचारलंच नवतं आजवर." चादरीवर बोटं थोडी हलली. "थांब. असं लगेच नाई सांगता येत. उद्या येजो, उद्या सांगतो."

जुन्या विद्यार्थ्यांनी श्रद्धांजलीची सभा ठरवली. गणू म्हणाला, "पत्रक तूच लिही. अन् खाली बाईचं एखादं शेवटचं वाक्य टाक, लोकाइले लागते तसं." बाबा खाटेवरून म्हणाले, "लिही ना, 'लढत राहा' असं म्हणाल्या! कोण इचारते?" खरंच कुणी विचारलं नसतं. वाक्यं माझ्याकडे कितीतरी होती, एकापेक्षा एक धारदार. मी रात्रभर नाही, क्षणभरच विचार केला आणि मला अंगणातून आवाज आला : मांजर कुठं गेली? पत्रकात मी त्यांचं नाव, गाव, सभेची वेळ लिहिली. खालची जागा तशीच ठेवली. बाबांनी ते हातात घेतलं आणि म्हणाले, "अर्धा कागद वाया घालवला पोरी."

गेल्या आठवड्यात घरमालकानं बाईंची खोली रिकामी करायला मला बोलावलं, त्यांचं दुसरं कुणी नव्हतं म्हणून. मी कडीला हात लावला. थंड होती. वाजवली नाही, तरी थोडं थांबले. आत एक पलंग, स्टोव्ह, पाण्याची घागर आणि भिंतीवरचा तो काळा तुकडा, स्वच्छ पुसलेला. खाली देवळीत खडूंची पेटी. मी एक खडू उचलला आणि हात वर नेला. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला कोरी जागा बघवत नाही.

पण पाळी बाईंची होती. मी खडू पेटीत ठेवला आणि कडी लावून घेतली.