साडेअठ्ठावीस इंचांचं टेबल

बायकोच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा हातात सव्वीस दिवस होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं : गाठ आवाजाच्या नसेला लागून आहे, आवाज आहे तसाच राहील, याची खात्री देता येणार नाही.

ती मोताळ्याकडच्या एका खेड्यात पहिलीला शिकवते. घरची बोली घेऊन आलेल्या पोरांना सुरुवातीला वऱ्हाडीतच गोष्टी सांगते. त्या तिच्याच, कुठे लिहिलेल्या नाहीत. बुलढाण्याला परतताना बसमध्ये तिने त्या बोटांवर मोजल्या. चाळीस भरल्या.

"रेकॉर्ड करून ठेवू," मी म्हणालो. "रोज दोन केल्या तरी वीस दिवस पुरतात."

"मग उद्यापासूनच मोबाईलवर सांगते ना मी."

मोबाईल मला पटला नाही. वरची खोली रिकामी होती, पण तिथे आवाज घुमायचा आणि बाहेरून गाड्यांचे हॉर्न यायचे. एकदाच करायचं काम नीट व्हावं, असं मला वाटलं. मी शेतजमिनी मोजणारा भूकरमापक आहे. दोन शेतांमधल्या धुऱ्यात हातभर फरक पडला तर सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे रोज पाहतो. चांगला माईक मागवला आणि खोली मोजली : दहा फूट चार इंच बाय आठ फूट सात इंच. तयार टेबल त्यात बसत नव्हतं, आणि ओळखीच्या मिस्त्रींकडे पंधरा दिवस काम तुंबलेलं होतं. त्यांच्याकडून करवत, रंधा आणि काटकोन पाहायचा गुण्या मागून आणला. हत्यारं देताना ते म्हणाले, "भाऊ, हे शेत नाही. लाकडाले थोडी ढील द्या लागते."

मी ढील दिली नाही. म्हणून दोन सांधे उकलून पुन्हा करावे लागले.

बायकोला खुर्चीवर बसवून मी मापं घेतली. जमिनीपासून कोपर सव्वीस इंच, तोंड चव्वेचाळीस. त्यावरून टेबलाची उंची काढली साडेअठ्ठावीस.

"तिरडीचं माप घेऊन राह्यले काय तुमी?" ती म्हणाली आणि हसली. मी टेप गुंडाळून गच्चीवर निघून गेलो.

ऑफिसातून आल्यावर रोज दोन-अडीच तास काम चाले. टेबलावर हात टेकला की पोकळ आवाज येई, म्हणून आतून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून भरला. भिंतींना लावायला दोन बाय चारच्या सहा चौकटी केल्या, त्यांतही कापूस, वरून सुती कापड. ती अधूनमधून दारात येऊन विचारायची, "झालं का वो?" मी म्हणायचो, "दोन दिवस." हे मी किमान चार वेळा म्हणालो असेन. सगळं उभं राहिलं तेव्हा अठरा दिवस संपले होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती व्हायचं होतं, म्हणजे उरले सात.

ती खुर्चीत बसली. माईक तोंडापासून सात इंचांवर. तिने गोष्ट सुरू केली, आणि वरून आलेलं परिपत्रक वाचल्यासारखा आवाज निघाला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा ती मधेच थांबली.

"मले बसून सांगताच येत नाही."

तिच्या वर्गातली खुर्ची पिशवी अडकवायच्या कामाची. चोवीस वर्षं ती ओळींमधून फिरत गोष्टी सांगते. मोजणीला गेलं की आमच्यात पहिला प्रश्न असतो वहिवाटीचा : ही जागा प्रत्यक्ष कोण, कशी वापरतं? मोजणीची साखळी मग पडते. इथे मी आधी साखळी टाकली होती.

टेबल विटांवर चढवून पाहिलं. ते तिच्या पावलांच्या आड येत होतं. उभं राहायचं स्टँड करतो म्हटल्यावर तिचा आवाज चढला, "आता करवतीले हात लावाल तर पाहा!" आणि लगेच गळा धरून ती खाली बसली.

टेबल गच्चीच्या पडवीत नेलं. माईक खोलीच्या छताच्या हुकाला दोरीने बांधला. त्याच्याखाली दोन पावलं इकडे, दोन तिकडे चालत ती सांगू लागली, आणि तिचा खरा आवाज आला. पण दिवसाला दोनच्या वर गळा साथ देईना. दोन दिवस तर एकच झाली. शेवटच्या दुपारी बाराव्या गोष्टीतली बकरी अर्ज घेऊन तहसीलीच्या दारात पोचली आणि बायकोला खोकला आला. "उद्या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अकोल्याला निघालो.

गाठ साधी निघाली. आवाज मात्र कोरड्या पानासारखा झाला आहे. डॉक्टर म्हणतात, सहा महिने वाट पाहा. चौथा चालू आहे. ती शाळेत जाते, पण पहिलीवर दुसऱ्या बाई आहेत आणि ती पोषण आहाराचे तक्ते भरते.

परवा मी ते अर्धं रेकॉर्डिंग ऐकलं. स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारलं, "बकरीचं पुढे काय होतं? हळू सांग, मी लिहून घेतो."

तिने पोळी उलटली. मला वाकून ऐकावं लागलं.

"ते आधी ठरेल नसते. समोरच्या पोराईचे चेहरे पाहून सांगते मी. दरसाल अलग."

मी वही मिटली. राहिलेल्या अठ्ठावीस गोष्टींबद्दल विचारायचं होतं, ते विचारलं नाही.