बरोबरबाईंच्या घरात मत शिरतं

घरगुती सामानाच्या त्या मोठ्या दुकानात, सरकत्या जिन्याच्या मागे, एक खिडकी होती. खिडकीच्या अलीकडे मोडक्या, जळक्या, फुटक्या वस्तू घेऊन तणतणणारी माणसं आणि पलीकडे बरोबरबाई. हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हतं. पण खरं नाव त्यांच्या पगाराच्या पाकिटाखेरीज कुणी वापरत नसे, आणि ते पाकीटसुद्धा हाक मारून देताना रोखपाल म्हणायचा, "बरोबरबाई, घ्या."

त्यांची कामाची रीत ठरलेली. आधी मान डोलवायची. मग गिऱ्हाइकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत त्यालाच ऐकवायचं. आणि मग हळूच म्हणायचं, "अगदी बरोबर आहे तुमचं." एवढ्यावर निम्मी माणसं विरघळायची आणि वस्तू परत काखोटीला मारून घरी जायची. एकदा एक गृहस्थ विजेची किटली घेऊन आले. पाणी न घालता तापवल्यामुळे तिचा पार कोळसा झाला होता. गृहस्थांचाही होण्याच्या बेतात होता. बरोबरबाई शांतपणे म्हणाल्या, "अगदी बरोबर आहे तुमचं. आपल्या पोटात पाणी नाही हे किटलीला स्वतःला कळायला हवं होतं." गृहस्थ समाधानाने गेले. जाताना तशीच दुसरी किटली विकत घेऊन गेले.

त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर जड फ्रेम चढवून एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारायचं, "ही बरी, की मघाची बरी?" स्वतःचं मत द्यायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम. चष्मेवाल्यांनी तो घरीही पाळला होता. भाजीत मीठ कमी आहे का, या प्रश्नावर ते म्हणत, "कालची बरी होती, की आजची बरी, तूच सांग." बरोबरबाई म्हणत, "दोन्ही बरोबर." आणि जेवण सुखाने पार पडे. त्या घराचं दार कधी आपटलंच, तर ते वाऱ्याने.

अशा या घरात चिमी वाढली. आता ती शाळेच्या शेवटच्या वर्षात होती, आईपेक्षा वीतभर उंच होती, आणि तिचं इंग्रजी असं होतं की टीव्हीवरच्या बातम्यांतल्या चुका ती जेवता जेवता दुरुस्त करायची, अर्थात अत्यंत नम्रपणे. म्हणूनच इंग्रजीच्या बाईंनी तिला ॲडव्हान्स इंग्रजीच्या परीक्षेला बसवलं होतं. ही परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झालं की मोठ्या कॉलेजचं दार निम्मं उघडतं, असं म्हणत. बरोबरबाईंना उरलेलं निम्मंही दिसू लागलं होतं. आपली मुलगी खिडकीच्या आत बसून मान डोलावणार नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात मनापासून मागितली होती. तीही मनातल्या मनात.

आणि परीक्षा जवळ आली असताना इंग्रजीच्या बाईंनी त्यांना शाळेत बोलावलं.

बरोबरबाई पेढा खायच्या तयारीने गेल्या. बाईंनी समोर सरावाचा पेपर ठेवला.

"भाषा सुरेख आहे. व्याकरण निर्दोष. पहिल्या निबंधात दिलेले उतारे वाचून ते एकमेकांशी जोडायचे, ते हिने छान केलंय. दुसऱ्यात एखादा लेखक वाचणाऱ्याला कसा पटवतो ते उलगडायचं, तेही उत्तम. पण तिसऱ्यात आपली बाजू घेऊन भांडायचं असतं. 'शाळेत गणवेश असावा का?' असा साधा प्रश्न होता. तुमच्या मुलीने काय लिहिलंय माहीत आहे?"

"काय?"

"ज्यांना गणवेश हवा त्यांचं अगदी बरोबर आहे. ज्यांना नको त्यांचंही अगदी बरोबर आहे. आणि शेवटी," बाईंनी चष्मा काढला, "शेवटी वाचकाला झालेल्या गैरसोयीबद्दल तिने दिलगिरी व्यक्त केली आहे."

बरोबरबाईंच्या कानशिलांत एकदम गरम झालं. ते वाक्य त्यांचं होतं. खिडकीतलं.

"ताई, तुमच्या मुलीला मतच नाही," बाई म्हणाल्या. "इंग्रजी मी शिकवीन. मत कुठून आणू? आणि मत नसेल तर तिसऱ्या निबंधात ती काठावरसुद्धा पास व्हायची नाही."

"अगदी बरोबर आहे तुमचं, बाई."

"बघा! बघा!" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो, एखाद वेळी तरी म्हणा की, माझ्या मुलीबद्दल असं बोलायची तुमची काय बिशाद!"

बरोबरबाई हादरल्या. इतक्या वर्षांत त्यांच्यावर पुष्कळ माणसं ओरडली होती, पण तुम्ही माझ्यावर ओरडा म्हणून कुणी ओरडलं नव्हतं.

"घरी भांडा," बाईंनी औषध लिहून द्यावं तसं सांगितलं. "रोज जेवताना. एक विषय घ्या, बाजू घ्या, कारणं द्या. समोरच्याचं थोडं मान्य करा आणि मग ते खोडून काढा. तिला सांगा, घाबरायचं काही नाही. परीक्षकाला निबंध शेवटच्या ओळीपर्यंत वाचावाच लागतो. मध्येच उठून जाता येत नाही त्याला."

ही शेवटची गोष्ट बरोबरबाईंना पटेना. अशी माणसं असतात? घरी जाईपर्यंत त्या तेच चघळत होत्या.

त्याच संध्याकाळी भांडण सुरू करायचं ठरलं. विषय निवडला बैठकीच्या खोलीतला निळा पडदा. तिघं टेबलाशी बसली आणि परीक्षेला बसल्यासारखी एकमेकांकडे बघू लागली.

"तू सुरू कर," चष्मेवाले म्हणाले.

"नको, तुमचं आधी होऊ द्या."

"तू आधी की मी आधी, काय बरं पडेल?"

"दोन्ही बरोबर."

चिमीने कपाळावर हात मारला. मग तिने नियम काढला. जो 'बरोबर' म्हणेल तो भांडी घासेल. पुढचे काही दिवस बरोबरबाईंचे हात साबणातून बाहेर आले नाहीत.

आणि मग एका संध्याकाळी, काहीही सूचना न देता, चष्मेवाले फुटले.

"मला तो निळा पडदा आवडत नाही."

बरोबरबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. "कधीपासून?"

"दुकानात घेतला तेव्हापासून."

"अहो, त्याला चिमीच्या वयाएवढी वर्षं झाली!"

"कारण दे, बाबा," चिमी सरसावून बसली. "नुसतं आवडत नाही हे मत नाही. पुरावा हवा."

चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. "त्या पडद्यातून येणाऱ्या उजेडात सगळं आजारी दिसतं. मी रोज सकाळी तुझ्या आईकडे बघतो आणि रोज मला धस्स होतं, हिला आज बरं नाही की काय."

बरोबरबाईंनी घास ताटात परत ठेवला. ज्या माणसाबरोबर आपण इतकी वर्षं संसार केला तो रोज सकाळी आपल्याला आजारी समजून मुकाट कामावर जात होता! आणि त्या धक्क्यातून सावरतात न सावरतात तोच त्यांना आणखी एक बसला, कारण त्यांच्याच तोंडून शब्द बाहेर पडले:

"आणि मला वन्संनी माझे डबे हलवलेले खपत नाहीत!"

वन्स म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. दर रविवारी यायच्या, हातपाय धुवायच्या आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे त्यांच्या मते जिथे असायला हवेत तिथे लावून जायच्या. बरोबरबाई म्हणायच्या, अगदी बरोबर आहे तुमचं, वन्स. आणि सोमवारी साखर शोधायच्या.

"आई," चिमीचे डोळे चकाकले, "आता आत्याची बाजू थोडी मान्य कर."

"वन्संचा हेतू चांगला असतो. हात नीटनेटका आहे त्यांचा. त्यांना मोकळं बसवत नाही, हेही समजतं मला."

"वा! हे तर तुला येतंच. खिडकीत तू रोज एवढंच करतेस आणि थांबतेस. आता थांबू नकोस. पुढे जा."

"पण," बरोबरबाईंनी टेबलावर मूठ आपटली आणि आपल्याच मुठीकडे घाबरून पाहिलं, "पण साखर मला लागते!"

पुढच्या रविवारी त्यांनी हे वन्संना समक्ष सांगितलं. वन्स डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग डबा खाली ठेवून त्यांनी वहिनीच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि बाहेर येऊन भावाला दबक्या आवाजात म्हणाल्या, "अरे, हिला डॉक्टरकडे ने. मला उलट बोलली. आणि चेहराही बघ कसा निळा पडलाय."

घरात एकदा मत शिरलं की ते ढेकणासारखं सगळीकडे सापडू लागतं. चष्मेवाल्यांना आपली उशी आवडत नव्हती. बरोबरबाईंना चष्मेवाल्यांचं शिट्टी वाजवणं आवडत नव्हतं, पण त्यांनी ती वाजवणं बंद केलेलंही आवडेना. चिमी हातात पेन घेऊन पंचासारखी बसायची आणि म्हणायची, "बाबा, हे कारण नाही, ही कुरकुर आहे," किंवा "आई, मुद्दा सोडून आजोबांपर्यंत जाऊ नकोस." शाळेतून बाईंचा निरोप आला, नव्या निबंधात मताची पालवी दिसते आहे. बरोबरबाईंना आनंदाने जेवण जाईना. मोठ्या कॉलेजचं दार आता बोटाने ढकललं तरी उघडेल, असं त्यांना वाटू लागलं.

परीक्षेला आठवडा उरला असताना चिमीने जेवण उरकता उरकता जाहीर केलं, "आजचा विषय माझा."

"बोल," दोघं कौतुकाने म्हणाली.

"माझं मत असं आहे की मी या परीक्षेला बसू नये."

बरोबरबाईंना वाटलं, हाही सराव आहे. त्या हसल्या. चिमी हसली नाही.

"पहिलं कारण. बसशील का, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, कारण या घरात कुणी नाही म्हणतच नाही. तेव्हा ते माझं मत नव्हतं. दुसरं कारण. ही परीक्षा पास झाले की पुढे मी भाषाच शिकावी असं सगळे धरून चालतील. मला भाषा येते, पण मला ती शिकायची नाही. मला बाबाच्या दुकानामागे काचा घासतात ना, ते शिकायचंय. लहानपणी मी तिथे तासन्‌तास बसायचे. ते शिकवणाऱ्या संस्थेत ही परीक्षा कुणी विचारत नाही. आता तुमची बाजू. तुम्ही म्हणाल, पास झालेलं वाया जात नाही. मान्य. पण न लागणाऱ्या गोष्टीसाठी रात्रंदिवस मान मोडणं, हे नको असलेली वस्तू निव्वळ भिडेखातर विकत घेण्यासारखं आहे. आई, अशी किती माणसं तुझ्या खिडकीशी येतात, तूच सांग."

मुद्देसूद, पुराव्यासकट, समोरच्याचं मान्य करून खोडलेलं. काडीची चूक नाही. चष्मेवाले आ वासून बघत राहिले. आपली काच कुणाला इतकी बरी वाटली असेल, हे त्यांना स्वप्नातही दिसलं नव्हतं.

आयुष्यात मागितलेली एकुलती एक गोष्ट, आणि ती हातातून काढून घ्यायला आपणच पोरीला शिकवलं! सवयीने बरोबरबाईंची मान डोलायला लागली. 'अगदी' हा शब्द ओठांपर्यंत आला.

"नाही," त्या म्हणाल्या.

चिमी दचकली. आईच्या तोंडून आपल्यासाठी हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता.

"कारण?" तिने कसंबसं विचारलं.

"कारण मला वाटतं म्हणून."

"याला शून्य मार्क, आई."

"चालतील." बरोबरबाईंनी पदराने तोंड पुसलं. "काचांचं तू म्हणतेस ते मान्य. भिडेचंही मान्य. तुला आम्ही विचारलं नाही, तेही मान्य. पण माझं ऐक. मी त्या खिडकीत बसून आजवर किती माणसांना बरोबर म्हटलं असेल, मोजदाद नाही. त्यातल्या एकानेही मला विचारलं नाही, बाई, तुम्हाला काय वाटतं? एकानेही नाही. आणि तुझ्या बाई म्हणाल्या, तिकडे एक माणूस असतो, त्याला तुझं मत शेवटच्या ओळीपर्यंत वाचावंच लागतं. मध्येच उठून जाता येत नाही त्याला. असा माणूस मला अजून भेटलेला नाही, चिमे. तुला तो आयता मिळतोय, आणि तू म्हणतेस मी जात नाही? जा. त्याला सांग की ही परीक्षा फालतू आहे. त्याला काचांबद्दल सांग. आमच्याबद्दल सांग. पण तो बसलाय तिथे, तर त्याला काहीतरी सांगून ये!"

आपण इतकं बोललो यानेच बरोबरबाईंना धाप लागली होती. चिमी ताटाकडे बघत होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"म्हणू नकोस," चष्मेवाले घाईघाईने म्हणाले, "भांडी पडतील गळ्यात."

"अगदी बरोबर आहे तुझं, आई," चिमी म्हणाली. मग ती उठली, तिघांची ताटं उचलली आणि आत गेली.

नळ सुरू झाला. बरोबरबाई निळ्या पडद्याकडे बघत बसून राहिल्या. तो खरंच भयंकर होता. इतकी वर्षं आपल्याला कसा दिसला नाही, याचाच त्या विचार करत होत्या, एवढ्यात आतून, भांड्यांच्या खणखणाटावर आवाज चढवून, चिमी ओरडली:

"पण काचांबद्दलचं माझं मत तेच आहे हं!"

बरोबरबाईंनी तोंडात आलेला शब्द तिथेच गिळला. चष्मेवाल्यांनी मात्र एवढ्या दिवसांनी पुन्हा शिट्टी वाजवायला घेतली.