रात्रौ नऊ वाजता रानडुकरे

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि रानडुक्कर बघायला रजेचा अर्ज करणारा पहिला माणूसही मीच.

माझ्या आधीच्या सगळ्या पिढ्यांनी डुकरं हाकलण्यात हयात घालवली. ती बघायला म्हणून कुणी गेलं नव्हतं. आमचं गाव हिर्डोशीच्याही वर. एस.टी.तून उतरल्यावर दीड तास चढायचं. शेतात पिकायचं भात आणि नाचणी, आणि ते पिकलं की रानातून यायची डुकरं. मग दिवाळीच्या आगेमागे रात्र-रात्र शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसायचं, पत्र्याचा डबा बडवायचा आणि "हाऽऽ हो" करून ओरडायचं. लहानपणी मला वाटायचं, रात्र ही ओरडण्यासाठीच असते.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला त्या माळ्यावरून उतरवून भोरला शाळेत घातलं. दर पंधरा दिवसांनी डोक्यावर नाचणीच्या पिठाचं गठुडं घेऊन ते चालत भोरला यायचे. त्या पिठावर मी शिकलो. बी.ए. झालो, वेल्ह्याच्या कचेरीत कारकून झालो आणि मला चष्मा लागला. या तिन्हींत आबांना जास्त कौतुक चष्म्याचं. "बी.ए. काय डोळ्याला दिसत न्हाई," ते म्हणायचे, "चष्मा कसा लांबनं दिसतो!"

माझं लग्न पुण्यात झालं. सासरे, म्हणजे मामा, एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या हाताखालून चुकीचा कागद कधी सुटला नाही अशी त्यांची ख्याती होती. मुलगी त्यांनी मला दिली, पण दोन वर्षं झाली तरी व्याह्यांचे पाय आमच्या गावाला लागले नव्हते. आबा दर भेटीत विचारायचे, "पाव्हणं कवा येनार?" मामी उपासाला रताळी आवडीनं खातात, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. त्यांनी घरामागं मुद्दाम रताळी लावली. "जाताना पोतं भरून द्यू." पहिल्या वर्षी पाहुणे आले नाहीत. महिनाभर आम्ही सगळ्यांनी उपास नसताना रताळी खाल्ली. आबांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा वेल लावले.

अशात मामांच्या कचेरीतले एक गृहस्थ कुठल्याशा अभयारण्यात जाऊन आले आणि रात्री जीपमधून सांबर बघितल्याचं रोज डबा खाताना सांगू लागले. मामा अस्वस्थ झाले.

"आपणही सहकुटुंब जावं म्हणतो," मामा मला म्हणाले. "रात्रीची जनावरं बघायची. तिकडे चौकशी करता का?"

माझ्या डोक्यात वीज चमकली. "तिकडे कशाला, मामा? आमच्या गावी चला!"

"खात्रीनं दिसतील?"

"अहो, आमच्याकडे दिसू नयेत म्हणून माणसं रात्रभर जागतात!"

(या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी स्वतःच नीट ऐकायला हवा होता.)

मी तयारीला लागलो. पहिलं काम रजा. अर्जात कारण लिहिलं : 'वन्य प्राण्यांचे निरीक्षण.' साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "अहो, परवा रात्री कचेरीच्या पडवीत तरस येऊन बसलं होतं. रजा कशाला पाहिजे? खुर्ची बाहेर टाका की!" पण रजा दिली.

दुसरं काम अभ्यास. भोरच्या वाचनालयातून शिकारीच्या अनुभवांचं एक जाड पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की जनावर पाणवठ्यावर येतं, वारा त्याच्याकडून आपल्याकडे हवा, आणि मचाणावर पूर्ण शांतता हवी. मी टिपणं काढली. ज्या रानात मी लहानपणी गुरं वळली, त्याची टिपणं मी वाचनालयात बसून काढली!

तिसरं काम कार्यक्रमपत्रिका. फुलस्केप कागद, मध्ये कार्बन, तीन प्रती.

'रात्रौ ८ वा. भोजन. ८.३० मचाणावर प्रस्थान. ९.०० रानडुकरे. ९.४५ भेकर, साळिंदर. १०.३० सांबर. ११.०० बिबळ्या (आल्यास).'

एक प्रत पुण्याला धाडली. ती तपासून परत आली. मामांनी 'बिबळ्या'च्या आधी लाल शाईत लिहिलं होतं : 'चहा केव्हा?'

चौथं काम आबांना पत्र. पाहुणे येताहेत, वरच्या झऱ्यापाशी आंब्याच्या झाडावर मचाण बांधावं, पाहुण्यांना रात्री जनावरं दाखवायची आहेत, वगैरे. शेवटी कचेरीतल्या सवयीनं एक ओळ आपसूक उतरली : 'पाहुण्यांच्या सुरक्षिततेत कोणतीही कसूर होऊ नये.' काय रुबाबदार वाक्य! मी ते खाली रेघ मारून पाठवलं.

भाऊबीज झाल्यावर मंडळी निघाली. मी कापूरहोळला त्यांच्या एस.टी.त चढलो. मामा कानटोपी, मफलर, तीन सेलची बॅटरी आणि एक नवी वही घेऊन बसले होते. वहीत पहिल्याच पानावर रकाने आखलेले : अनुक्रमांक, जनावर, वेळ, वर्णन, शेरा. मामी आणि सौ. फराळाचे डबे सांभाळत होत्या. भोरला गाडी बदलली, हिर्डोशीला उतरलो आणि चढायला लागलो.

"अजून किती?" मामी.

"हे काय, आलंच."

(दीड तासाच्या वाटेत हे उत्तर सहा वेळा देता येतं.)

आबा वेशीपर्यंत सामोरे आले. नवं मुंडासं, हातात पाण्याचा तांब्या. व्याह्यांना बघून त्यांनी तांब्या पुढं केला. "आलं का... आलं. बरं झालं. लई बरं झालं," एवढंच चारदा म्हणाले. मामींना आधी घरामागं नेऊन रताळ्याचे वेल दाखवले. "हे समदं तुमचं, इहीणबाई. उंद्या काडायचं."

मी म्हटलं, "आबा, आधी मचाण दाखवा."

आबा जरा घुटमळले. "माळा बांधलाय तू म्हनलास तितं. पर म्या काय म्हंतो, हितंच घरामागं आपला रोजचा माळा हाय, तितं बसा की. डुकरं हितंच येत्यात. म्या रोज हाकलतो."

"आबा, शास्त्राप्रमाणे जनावर पाणवठ्यावर येतं. वस्तीला लागून नाही."

आबांनी माझ्या चष्म्याकडे बघितलं आणि मान डोलावली. आता वाटतं, त्यांनी चष्म्याऐवजी माझ्याकडे बघायला हवं होतं.

साडेआठला आम्ही वर पोचलो. मचाण असं दणकट बांधलं होतं की वर लग्नाची पंगत बसली असती. मामा, मामी, सौ. आणि मी. अंधार दाट, चांदणं नाही, झऱ्याचं पाणी बारीक वाजतंय. वारा पुस्तकात सांगितलेल्या दिशेनं! मी कुजबुजलो, "आता कुणी बोलायचं नाही. जनावर जवळ आलं की मगच बॅटरी."

मामांनी घड्याळात बघितलं. "नऊला पाच कमी."

बरोबर नऊ वाजता उजवीकडून आवाज आला : डण् डण् डण् डण्! "हाऽऽऽ हो!"

मागोमाग डावीकडून. मग मागून. मग समोरून! चार ठिकाणी जाळ पेटले. डबे, थाळ्या, कुणाच्या तरी घरची परात. आमच्या गावाच्या रानातली एकूण एक जनावरं त्या घटकेला घाट उतरून कोकणात गेली असावीत.

"हे कुठलं जनावर?" मामांनी पेन्सिल सरसावून विचारलं.

"मी बघून येतो," म्हणून मी खाली उतरलो. अंगातला पांढरा सदरा दिसू नये म्हणून (पुस्तक, पान चाळीस!) वर काळी घोंगडी घेतली.

पहिल्या जाळापाशी शेजारचा धोंडिबानाना परात बडवत होता.

"नाना, काय चाललंय हे?"

"राखण! काळजी करू नगा, मुंगीसुदीक म्होरं येनार न्हाई."

"अहो, पण पाहुणे जनावरं बघायला आलेत!"

"ते खरं. पर तुमीच लिवलंय न्हवं, कसूर न्हाई झाली पायजे म्हनून? गुर्जींनी चावडीत तीन बारी वाचून दावलं. खाली रेघ मारलीया म्हनलं, म्हंजी लईच म्हत्त्वाचं. ज्यांची नाचणी कापून झाली ते समदे आल्यात."

पलीकडून घामानं निथळत आबा आले. हातात आमच्या घरचा तेलाचा डबा, मारून मारून चेपलेला.

"आबा, तुम्ही इथं? मग घरामागच्या माळ्यावर कोण?"

"कुनी न्हाई," आबा म्हणाले. "यवढ्या लांबनं व्याही आल्यात. त्यांच्या अंगावर काय आलं तर गावात तोंड कुठं दावू? रताळी म्होरं का पाव्हणं म्होरं?"

मी सगळ्यांना हात जोडले, जाळ विझवायला लावले, चिडीचूप बसवलं आणि झुडपं चुकवत परत निघालो. शेवटचा चढ तीव्र, म्हणून दोन्ही हात टेकले. (हे पुस्तकात नव्हतं. पण घोंगडी पायात येत होती.)

मचाणावर सळसळ ऐकू गेली असावी. मामांनी बॅटरी पेटवली. आणि तीन सेलचा झोत थेट माझ्या चष्म्यावर पडला.

"डोळे!" मामा हर्षानं ओरडले. "दोन डोळे! केवढे चकाकतायत बघा!"

"अगं बाई, चढायला लागलंय!" मामींनी जी किंकाळी फोडली, ती भोरला ऐकू गेली नसेल तर वारा उलटा होता म्हणून.

"मामा, मी आहे, मी!" असं मी म्हटलं. म्हणजे म्हणणार होतो. पण किंकाळीसरशी चारी बाजूंनी गाव धावलं, सुरक्षिततेत कोणतीही कसूर न ठेवता! धोंडिबानानाची काठी माझ्या पाठीत बसली आणि चष्मा झऱ्यात गेला.

"आई गं!"

"थांबा रं!" आबांचा आवाज. "डुक्कर आई गं म्हनत न्हाई!"

कंदील आला. घोंगडी उचलली गेली. मग मचाणावरून पहिल्यांदा कोण हसलं असेल? सौ.! तिच्यामागोमाग मामी, मग मामा, मग अख्खं रान हसायला लागलं. पुढचा कार्यक्रम रद्द. पुन्हा जाळ पेटले, गुळाचा चहा झाला (मामांनी घड्याळ बघून सांगितलं, 'बिबळ्याच्या आधी'), आणि धोंडिबानाना जनावरांचे आवाज काढत त्यांच्या गोष्टी सांगू लागला. मामा कानटोपी वर सारून लहान मुलासारखे ऐकत होते. मला चष्म्यावाचून काही दिसत नव्हतं. पण आबा व्याह्यांच्या शेजारी, एकाच घोंगडीवर बसले होते, एवढं दिसलं.

पहाटे घरी आलो. मागं गेलो आणि पाय तिथंच थबकले. सगळं वावर नांगरल्यासारखं उकरलेलं होतं. वेल उलटे, माती वर, जागोजाग अर्धवट चावलेली रताळी. दोन वर्षं जे पोतं द्यायचं आबांच्या मनात होतं, ते एका रात्रीत संपलं होतं. मला ओशाळल्यासारखं झालं. पाठीपेक्षा ते जास्त दुखलं.

"आबा..."

आबांनी एक चावलेलं रताळं उचलून त्याची माती पुसली. मग म्हणाले, "तुझ्या कागदावर काय हाय? नऊ वाजता डुकरं?"

"हो."

"मग आली की. टायमाला आली आसतील. जागा तेवडी तुझी चुकली."

आणि खाली बसून ते मामांना मातीतले खूर दाखवू लागले. "ही मादी बघा, पाव्हणं. ही पिल्लं, एक, दोन... सात. आन् ह्यो नर, मागनं आलेला. हितं बसून खाल्लंय आरामात." मामा गुडघ्यावर बसून भराभर लिहीत होते. इतकं खूश मी त्यांना माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं. मामी आणि माझी आई उरलीसुरली रताळी वेचत होत्या. पोतं कुठलं, जेमतेम एक पिशवी भरली. ती मामींनी पुण्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्यानंतर मामा दर दिवाळीला आमच्या गावी येत राहिले. मला न विचारता, आबांना पत्र टाकून. बसायचे घरामागच्या माळ्यावर. डुकरं, भेकरं, एकदा बिबळ्यासुद्धा, सगळं त्यांना आबांनी दाखवलं. कागद न करता.

आता दोघेही नाहीत. परवा सौ.ने माहेरहून आणलेली ट्रंक उघडली, तेव्हा ती वही निघाली. पहिलंच पान. ठळक अक्षर, सरळ रेघा. रानडुकरांचे फक्त ठसे. भेकराचा फक्त आवाज, तोही 'बहुधा धोंडिबा'. त्या रात्री प्रत्यक्ष दिसलेल्या जनावराची नोंद एकच :

'अ.क्र. १. नाव माहीत नाही. वेळ ९.४०. अंग काळे, केसाळ. डोळे मोठे व चकचकीत, परंतु त्यांनी फारसे दिसत नसावे. काठी बसताच आईस हाक मारते. शेरा : घरचेच निघाले.'

मामांच्या हाताखालून चुकीचा कागद कधी सुटला नाही, म्हणतात ते उगीच नाही.