ड्रॉवरमधला भंडारा

धाकट्या साहेबांनी माझ्या कपाळाला भंडारा फासला तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा होतो.

ऑफिसातली कॉन्फरन्स रूम. एसी चालू. टेबलाभोवती ज्युनिअर मुलं-मुली लॅपटॉप उघडून बसलेली. दिवसाचा बोर्ड, म्हणजे कोर्टातल्या कामांची यादी, वाचून झाला होता, कुणी कुठल्या कोर्टात उभं राहायचं ते ठरलं होतं. धाकटे साहेब उठले, कोपऱ्यातल्या माझ्या टेबलाचा ड्रॉवर ओढला आणि आतली पितळेची डबी काढली.

"काका, आज धनगराची बाई आहे साक्षीला. विसरलात ना?"

मी हात पुढे केला. डबी द्या, लावतो, असं म्हणायचं होतं. तेवढ्यात त्यांनी स्वतःच बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर ओढलं. आडवं, पार कानापर्यंत. थोडी पूड चष्म्याच्या काचेवर पडली.

"झाले बघा आमचे बिरोबा तयार!"

सगळे हसले. एका मुलीनं मोबाईलवर फोटो काढला. "काका, इकडे बघा ना," म्हणाली. मी बघितलं.

मीही हसलो. हे मला आधी लिहून टाकायचं आहे. माझ्या बापाशी कुणी असं वागलं असतं तर मी चवताळलो असतो. स्वतःच्या कपाळावर मी हसलो.

ती डबी माझ्या आईची. मी वकिलीची सनद घेऊन सोलापूरला निघालो तेव्हा तिनं दिलेली. सांगोल्याकडच्या माळावर आमची मेंढरं. घरात काळा कोट घालणारा मी पहिला. आई म्हणाली, "कोर्टात जाताना कपाळाला लाव. म्हंजी खोटं बोलवणार न्हाय." आमच्यात भंडारा उचलून बोललेला शब्द फिरवत नाहीत. वाटणीत, सोयरिकीत, मेंढरं विकताना, कागद नसतो. भंडारा असतो.

सोलापुरातलं सगळ्यात मोठं वकिलांचं ऑफिस आमचं. सात रस्त्याजवळ तीन मजले. पुण्यात शाखा, मुंबईत शाखा. साखर कारखाने, बँका, बिल्डर, आता सोलरवाल्या कंपन्या. खाली काचेचं दार. शहरातला अशील आला की सोफा आणि कपबशी. खेड्यातला आला की जिन्याखालचा बाक आणि कागदी कप. त्या बाकाशेजारी माझं टेबल. धाकटे साहेब आल्यावर ते वर नेलं, कॉन्फरन्स रूमच्या कोपऱ्यात. पाहुण्यांना दाखवायचे, "हे आमचे काका. आमचं रूरल डिपार्टमेंट."

माझं काम काय? सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं. फायली वाचायच्या. कैफियती लिहायच्या, सही दुसऱ्याची. कोर्टात साहेबांच्या मागं उभं राहायचं आणि चिठ्ठ्या पुढे करायच्या. माझ्या चिठ्ठीवरचा प्रश्न साहेब विचारायचे, न्यायाधीश मान डोलवायचे, अशील साहेबांचे पाय धरायचे. वकीलपत्रावर माझं नाव कधी घातलं नाही. पुष्कळ वर्षं मला वाटायचं, विसरतात.

विसरत नव्हते. नाव नव्हतं म्हणूनच मी कामाचा होतो.

कारण माझं खरं काम वेगळं होतं. ऑफिसात त्याला 'बाहेरचा चहा' म्हणत. मोठ्या साहेबांनी, म्हणजे धाकट्यांच्या वडिलांनी, ते सुरू केलं. मी नवा होतो. एका दाव्यात समोरचा साक्षीदार आमच्या समाजाचा, मेंढक्या. मोठे साहेब मला म्हणाले, "तुझ्या त्या डबीतलं जरा लाव, आणि बाहेर त्याला चहा पाज. तुझ्या भाषेत बोल. तो काय सांगणार ते काढून आण." मी गेलो. तो माणूस कपाळ बघून म्हणाला, "आपल्यातलं वकील हायसा व्हय? बरं वाटलं बघा." आणि सगळं बोलला. कुठं कच्चं आहे, काय आठवत नाही, कशाची भीती वाटते. मी परत येऊन सांगितलं. उलटतपासात साहेबांनी नेमकं तिथंच बोट घातलं. माणूस कोसळला. शेवटपर्यंत त्याला कळलं नाही, साहेबांना कसं कळलं.

त्या संध्याकाळी मोठे साहेब माझी पाठ थोपटून म्हणाले, "कोट घातला तरी तुझ्या चालण्यात मेंढरं आहेत बघ. तीच तुझी खरी डिग्री."

मला ते कौतुक वाटलं. वाईट याचंच वाटतं.

असे किती चहा झाले, मी मोजले नाहीत. मोजायची हिंमत नव्हती. डबी घरून आणायची-न्यायची कटकट नको म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिली. देवाची वस्तू पंचिंग मशीन आणि स्टेपलरच्या पिनांशेजारी. रिकामी झाली की शिपाई बाजारातून हळद आणून भरायचा.

त्या दिवशीची बाई म्हणजे भागाक्का. माझ्याच वयाची असेल. आमची अशील सोलर कंपनी. कंपनीनं माळाला तारेचं कुंपण घातलं होतं आणि माळापलीकडच्या तलावाकडे जाणारी मेंढरांची वाट आत गेली होती. आक्कानं दावा लावला होता. वाट मोकळी ठेवा, एवढंच मागणं. वाट गेली तर पाणी गेलं. पाणी गेलं तर मेंढरं विकायची. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. आमचं म्हणणं, अशी वाट कधी नव्हतीच, आणि असली तरी ती सलग वापरात नव्हती. सलग नव्हती हे तिच्याच तोंडून निघालं की दावा खलास.

ते काढायला मी.

जिल्हा कोर्टाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. आक्का झाडाखाली घोंगडी अंथरून बसली होती. तिचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला, पोरगेला माणूस, त्याला एकट्याला चार ठिकाणी पळायचं असतं. मी जवळ गेलो. तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं आणि तोंडभर हसली. दात नव्हते.

"या की दादा. कुनाकडलं तुमी?"

मी गाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. ते खरं होतं. खऱ्यानंच सुरुवात करायची असते, हे मी इतक्या वर्षांत शिकलो होतो.

तिनं घोंगडीवरची पिशवी बाजूला सारली आणि हातानं घोंगडी झटकली. "हितं बसा. वर कुटं उभं ऱ्हाताय? कोट मळंल म्हनता व्हय?"

मी बसलो. चहा आला. ती कप दोन्ही हातांत धरून बोलायला लागली. नातू शाळेत जात नाही. कुत्रं म्हातारं झालंय. कंपनीचा वॉचमन शिव्या देतो. कोर्टात पिंजऱ्यात उभं करतात का खरंच, की नुसतं म्हणतात?

"लई भ्या वाटतंय दादा. ती कोटवाली माणसं विचारत्यात आन् माजी बोबडी वळती."

मी म्हणालो, "भ्यायचं न्हाय आक्का." माझ्याच तोंडून आपोआप निघालं. किती जणांना म्हटलं होतं तसंच, त्याच चालीत.

मग तिनं आजूबाजूला बघितलं. आवाज खाली आणला.

"खरं सांगू का? वकिलानं सांगितलंय कुनाला बोलू नगा म्हनून. पर तुमच्या कपाळाला भंडारा हाय. म्हनून सांगती. त्या वाटंचं असं हाय की..."

चष्म्याच्या काचेवर अजून पिवळी पूड होती. तिचा चेहरा मला त्या डागातून दिसत होता. आणि मला सकाळचा टेबलाभोवतीचा हशा ऐकू आला. झाले बघा आमचे बिरोबा तयार.

"थांबा आक्का," मी म्हणालो. "बोलू नका. मी कंपनीचा वकील हाय."

तिला कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. कंपनीच्या बाजूचा. तुमच्या विरुद्ध.

कप तिच्या हातातून पडला नाही, काही नाही. तिनं तो सावकाश खाली ठेवला. माझ्या कपाळाकडे बघत राहिली.

"मग ह्यो भंडारा कुनी लावला?"

"साहेबांनी."

"आन् तुमी लावून घेतला?"

मी आयुष्यभर उलटतपासाचे प्रश्न लिहिले. असा मला एकही सुचला नव्हता.

"उठा," ती म्हणाली. "माज्या घोंगडीवरनं उठा."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी उठलो. रुमाल खिशात होता, आठवला नाही. कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलं. खसाखसा. काळी बाही कोपरापर्यंत पिवळी झाली. आक्कानं घोंगडी उचलली, माझ्याकडे पाठ करून झटकली आणि फाटकाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली.

ती काय सांगणार होती, मला आजही माहीत नाही. माहीत नको.

आत कॉरिडॉरमध्ये धाकटे साहेब वाटच बघत होते. पुकारा व्हायचा होता.

"काय म्हणाली?"

"मी कोन हाय ते तिला सांगितलं."

"म्हणजे?"

"म्हंजी आज चहा झाला न्हाय. आन् हितनं फुडं व्हनार न्हाय."

एक ज्युनिअर हसला. त्याला वाटलं, काका अजून सोंगातच आहेत. त्या ऑफिसात मी माझी बोली कधी फर्माइशीशिवाय बोललो नव्हतो. धाकट्या साहेबांना मात्र कळलं. त्यांनी माझी बाही बघितली.

"काका, या ऑफिसनं तुम्हाला माणूस केलं. ते विसरू नका."

"मी मानूस हुतो म्हनूनच तुमच्या उपेगाला आलो," मी म्हणालो.

त्यांनी तोंड फिरवलं. कोर्टात ते एकटेच उभे राहिले. मी मागच्या बाकावर होतो, पण चिठ्ठी पुढे केली नाही. आक्का अडखळली, रडली, पण तिला जे सांगायचं ते सांगून उतरली. दावा अजून चालू आहे. कोण जिंकेल मला सांगता येत नाही.

मी ऑफिसात जाऊन ड्रॉवर उघडला, डबी घेतली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचा फोन आला. आता ते अंथरुणाला खिळलेत. "अरे, तू तर घरातला माणूस. रागावतोस काय असा?" मी फोन ठेवला. त्यांच्या घरी इतक्या वर्षांत किती वेळा फायली घेऊन गेलो. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे हे मला माहीत नाही.

इथं संपलं असतं तर मी शूर ठरलो असतो. बायकोलाही तसंच वाटलं. पण मला घरात बसवेना. पेपर हातात धरायचो, वाचायचो नाही. गच्चीवर जायचो, खाली यायचो. अडुसष्टाव्या वर्षी एकदा थांबलो, त्याच्याआधीचं काय?

आमसिद्ध म्हणून एक माणूस. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याचाही वाटेचाच दावा होता. त्यालाही मीच चहा पाजला. एका दुष्काळात त्यानं मेंढरं दुसरीकडे नेली होती, ते त्यानं मला आपल्यातला म्हणून सांगितलं. वाट सलग वापरात नव्हती, हे तेवढ्यावरून ठरलं. दावा गेला. मेंढरं गेली. आता तो टेंभुर्णीला हायवेवरच्या ढाब्यावर रात्रीचा राखणदार आहे. मी तिथून जाताना कधी थांबलो तर उठून उभा राहायचा. वेटरांना सांगायचा, "वकीलसाहेब आपल्यातलंच हायती. लई मोठं नाव."

मी एसटीनं टेंभुर्णीला गेलो. दुपारची वेळ, ढाबा रिकामा. तो बाजेवर बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कपाळ, चहा, चिठ्ठी. सगळं.

तो रस्त्यावरचे ट्रक बघत राहिला. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

"मला हितं कशाला सांगताय?" तो म्हणाला. "मला पिंजऱ्यात हुबा करून समद्यांम्होरं खोटा ठरवला न्हवं? तुमीबी तसंच समद्यांम्होरं सांगा की. हितं ट्रकवाल्यांम्होरं सांगून काय उपेग?"

बस म्हणाला नाही. पाणी विचारलं नाही.

वकिलांच्या शिस्तपालन समितीकडे मी तक्रार दिली आहे. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांत पहिलं नाव माझं. त्याखाली दोन्ही साहेबांची. ऑफिसची नोटीस लगेच आली. अशिलाचं गुपित फोडता, सनद जाईल. बदनामीचा दावा लावू. धाकटे साहेब जुन्या मित्रांकडून निरोप पाठवतात, काकांचं वय झालंय, डोक्यावर परिणाम झालाय, त्यांना सांभाळा. तो हसरा फोटोही फिरतोय. बघा, किती खुशीत लावून घेतला होता.

सुनावणीत तोच फोटो पुढे करतील. विचारतील, हे तुम्हीच ना? होय. हसताय ना? होय. कुणी जबरदस्ती केली होती? नाही. मग मी सांगेन, मी का हसलो, आणि हसणाऱ्या माणसाच्या कपाळाचा तुम्ही काय वापर केलात. एकेक गाव, एकेक माणूस, नाव घेऊन. ज्यांना मी बुडवलं त्यांना समोर बसायला बोलावलं आहे. आमसिद्धला गाडी पाठवतो म्हटलं, तो म्हणाला, माझा मी येईन. आक्कानं निरोपाला उत्तर दिलेलं नाही.

सनद जाणार. जाऊ दे. ती वाचवायला मी एक शब्द मागं घेणार नाही.

कोट बायकोनं धुवायला काढला होता. मी परत आणून खुंटीला लावला. बाही पिवळीच आहे. समितीसमोर तोच घालून जाणार. डबी देव्हाऱ्यात आहे. सगळं बोलून होईपर्यंत तिला हात लावणार नाही. कपाळ कोरंच राहील.